पैकीच्या पैकी

सदर बाजार, कोल्हापूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय प्रसेनजीतदादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी मजेत आहोत. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. तुझी तब्येत कशी आहे? कारखान्यात उसाची आवक कशी आहे? वेळेवर जेवतोस ना?

हे झालं रीतीचं. आता खाली बस, पाणी पी. बसलास? तुझी बहीण केनियाला यायला लागलीय! नैरोबीला! विमानानं! पासपोर्टावरच्या फोटोत मी चोरासारखी दिसते, पण पासपोर्ट खरा आहे. तीनदा उघडून बघितला.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोनवर तू ‘बरं’, ‘ठीक’ आणि ‘पैसे पोचले का’ ह्याच्यापुढं जातोस कुठं? तुमच्या कारखान्यातले नेसरीचे विजयसिंह पावणं सुट्टी संपवून गुरुवारी परत निघालेत. त्यांच्या बॅगेत चटणीबरोबर हे पत्र देते. मेसेजला निळी टिक येते, पत्राला येत नाही. अर्ध्यात टाकून दिलंस तरी मला कळायचं नाही. पण टाकू नकोस.

नऊ फेब्रुवारीपासून तिथं बारा दिवसांचं प्रशिक्षण आहे. सोळा देशांतले माझ्यासारखे दारोदार फिरून चौकशा करणारे लोक येणार. प्रश्न एकच: गरीब म्हणायचं कुणाला, आणि आपल्या गारगोटीचा गरीब नि तुमच्या किसुमूचा गरीब एका तराजूत तोलायचा कसा? नेपाळ, व्हिएतनाम आणि केनिया, अशा तीन ठिकाणांतून एक निवडायचं होतं. मी डोळे झाकून केनिया लिहिलं. तुझ्या किसुमूपासून नैरोबी बसनं सात-आठ तास, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

दादा, तुला माझं काम म्हणजे कंत्राटी वणवण वाटतं. असेल. पण काय मजेचं काम आहे रे हे! दिवसाला तीन डॉलर ही जगाची दारिद्र्यरेषा. मला वाटायचं, डॉलरच्या भावानं गुणलं की झालं. अडीचशेच्या वर रुपये होतात. ते ऐकून आई म्हणाली, “मग निम्मं कोल्हापूर गरीबच की गं!” पण तसं नसतं. तीन डॉलरात अमेरिकेत जेवढं येतं तेवढंच इथं घ्यायला किती लागतील, ते बघतात. २०२१ च्या भावानं ते बसतात साठ-बासष्ट रुपये. कारण आपल्यात भाजी, खोलीभाडं, दाढी-कटिंग, सगळंच तिथल्यापेक्षा स्वस्त. हे काढायला देशोदेशी सारख्याच वस्तूंचे भाव गोळा करतात, आणि ‘सारखी वस्तू’ म्हणजे कुठली, ह्यावर खरी कुस्ती लागते. मक्याचं पीठ धर. तिथं त्याची उगाली होते, ते रोजचं जेवण. आपल्यात रोज मक्याची भाकरी कोण खातंय? आपल्यात जोंधळा पाहिजे. मग कशाशी काय लावायचं?

युरोपात तर तऱ्हाच निराळी. तिथं मधल्या माणसाची कमाई बघतात, आणि तिच्या साठ टक्क्यांच्या खाली जो राहील त्याला गरीब धरतात. तो माणूस इथं राजारामपुरीत थाटात राहील. पण तिथल्या थंडीत घर गरम ठेवता ठेवता रडकुंडीला येतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काय खोटं नाही.

गेल्या महिन्यात नेसरीला तानाबाई म्हणून एक म्हातारी भेटली. वही उघडून विचारलं, “आजी, मागच्या सात दिवसांत दूध किती विकत घेतलं?”

“इकत? म्हस बांधलीया की दारात!”

“जोंधळा?”

“रानातला.”

“भाजी?”

“जावंनं वानवळा दिलाय.”

“मग तुमचा खर्च काय?”

“काय न्हाय की! शून्य मांड आनि ताक पी.”

नुसत्या तिच्या बोलण्यावर गेले असते तर तानाबाई जगातली सगळ्यांत गरीब बाई ठरली असती, आणि मी तिच्याच घरची लोणी लावलेली भाकरी खात बसले होते! म्हणून घरचं दूध, रानातलं धान्य, शेजारपाजारचा वानवळा, सगळ्याची किंमत धरावी लागते. लोक खोटं बोलत नाहीत, दादा. आपण विचारतो एक आणि त्यांना ऐकू येतं दुसरंच.

निवडीची मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. पुण्याच्या एक मॅडम होत्या आणि नैरोबीचे एक साहेब. मी इंग्रजी नीट बोलले. शेवटी मॅडमनी मराठीत विचारलं, “एकट्या जाल ना?” मी उत्साहात म्हणाले, “व्हय, जातो की!” त्या हसायला लागल्या. म्हटलं, आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, मॅडम. जातो, येतो, खातो.

अर्जाबरोबर एक पान लिहून द्यायचं होतं. पाहणीत चुकीचं उत्तर गेलं आणि त्यापायी कुणाचं काय झालं, असा एखादा अनुभव. त्या पानामुळंच माझी निवड झाली, असं मॅडम म्हणाल्या. ते पान आता पुस्तिकेत छापून सगळ्यांना वाटणार आहेत, माझ्या नावानिशी. काय लिहिलं ते राहू दे. असंच एक जुनं.

आता मुद्द्याचं. सुट्टी काढून नैरोबीला येशील का? आप्पा गेले तेव्हा आलास, पाच दिवस राहिलास, आणि आईशी एक शब्द बोलला नाहीस. त्याला सहा वर्षं झाली. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, ते माझ्या खात्यावर. तिला ते पैसे नकोत, तुझा आवाज पाहिजे. तू भेटलास की तिथनंच तिला फोन लावून देणार आहे मी, आधीच सांगून ठेवते. प्रशिक्षण आपल्या जागी. मी येणार आहे ती तुम्हा दोघांना बोलतं करायला.

चटणी दीड किलो आहे. मिरच्या आईनं स्वतः निवडल्या, तळहाताची आग होईस्तोवर. “म्या केली म्हनून सांगू नगंस,” म्हणाली. मी सांगितलं.

बाकी भेटीअंती.

तुझी धाकटी बहीण,
साक्षी


बुधवार, २१ जानेवारी

दादा,

चिकटवलेलं पाकीट परत फोडलंय. विजयसिंह पावणं संध्याकाळी न्यायला येणार आहेत, तोवर लिहून संपवायचं आहे. अक्षर बिघडलं तर समजून घे.

काल पुस्तिकेचं माझं पान तपासायला आलं. आई म्हणाली, “काय लिवलंयस त्ये मला बी कळू दे की.” मी मराठीत करून वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. वाटलं रडतेय. बघते तर हसत होती. मग खरंच रडली. जे तिला वाचून दाखवलं तेच तुला लिहिते. त्या पुस्तिकेतनं तुला कळण्याआधी माझ्याकडनं कळलं पाहिजे.

गारगोटीला आपल्या घरी गरिबीच्या यादीसाठी साहेब आले होते, आठवतंय? नाही कसं आठवणार. मी तिसरीत होते, तू नुकताच आयटीआयला लागला होतास. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जेवढे गुण कमी तेवढं घर गरीब, आणि तेच घर यादीत बसणार. हे मला आज कळतं. तेव्हा साहेब आईला समजावत होते, “बाई, प्रत्येक उत्तराला गुण आहेत,” आणि मला त्यातला ‘गुण’ एवढा एकच शब्द कळला.

मी वर्गात पहिली यायची. जमिनीला साहेबांनी शून्य मांडलं. घराला एक. मला वाटलं, आमचं घर नापास होणार! आणि दारात माझ्याच वर्गातल्या चार पोरी उभ्या राहून बघत होत्या. मग कपड्यांचा प्रश्न आला. माणशी किती? आई म्हणाली, “दोन-तीन.” खरं तेच होतं. मी ओरडले, “आई खोटं बोलतीया! लय हायत आमच्यात!” आणि धावत जाऊन कोपऱ्यातली ट्रंक उघडली.

ट्रंकेत गारगोटीच्या दुकानातनं फॉल लावायला आलेल्या अठ्ठावीस साड्या होत्या. कोऱ्या करकरीत. आई रुपया-दोन रुपये सुटतील म्हणून दिवसभर सुई घेऊन बसायची, त्या. मी एकेक काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

साहेबांनी विचारलं, “ह्या तुमच्याच काय, बाई?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मग दारातल्या पोरींकडं. आणि नेमका त्याच वेळी तू शेळीचा पाला घेऊन दारात आलास. तू ऐकलंस ते एवढंच: “व्हय. आमच्याच हायत.”

कपड्यांना चारापैकी चार. पैकीच्या पैकी. मी टाळ्या वाजवल्या, दादा.

पुढं यादी लागली तेव्हा दोन गुणांनी आपलं नाव बाहेर राहिलं. घरकुल गेलं. पावसात मागची भिंत खाली आली, आणि ती उभी करायला तू आयटीआय सोडून शिरोलीला फाउंड्रीत भट्टीपुढं उभा राहिलास. “तुझ्या मोठेपणापायी माझं शिक्षान गेलं,” असं आईला म्हणालास. मी चुलीच्या कडेला बसून ऐकत होते. आई काही बोलली नाही. मीही नाही.

आठ वर्षांची होते, ते सोडून दे. अठराव्या वर्षी काय झालं होतं? तुझ्या पैशावर एम.ए. केलं, तेव्हा काय झालं होतं? आप्पा गेले तेव्हा तू आईकडं पाठ करून बसला होतास आणि मी तुम्हा दोघांना चहा देत होते. तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. मला भीती वाटायची. आईशी बोलत नाहीस तसा माझ्याशीही बोलायचा बंद झालास तर? एवढीच भीती, दुसरं काही नाही. तिच्या वाटणीचा अबोला होता आणि माझ्या वाटणीचा दादा होता, आणि मी आपली वाटणी सांभाळून बसले. लाज वाटते हे लिहिताना.

काल आईला विचारलं, “साहेबाला खरं का सांगितलं नाहीस?”

“चार पोरी बघत हुत्या. त्यांच्याम्होरं माझ्या लेकीला खोटारडी म्हनू व्हय?”

“मग दादाला तरी सांगायचंस.”

“काय सांगू? भनीपायी तुझी शाळा बुडली म्हनून? माझ्यावर रागावला तर रागावू दे, मी काय, पिकलं पान. तुझ्यावर रागावला असता तर माझ्या माघारी तुला कोन हाय? आता बी लिवू नगंस त्याला. चाललंय त्ये चालू दे.”

तेवीस वर्षं, दादा. सगळ्या जगाची गरिबी मोजायच्या गप्पा मारते मी, आणि माझ्याच घरातली ही बाई काय काय सोसून बसलीय ते माझ्या कुठल्या वहीत आलं नाही.

मुलाखतीत नैरोबीच्या साहेबांनी विचारलं होतं, “पानातली ती मुलगी आता काय करते?” मी म्हटलं, “ती मीच. आता दारोदार फिरते, आणि ट्रंक भरलेली दिसली की साड्या कुणाच्या ते दोनदा विचारते.” जन्मात पहिल्यांदा मी ते कबूल केलं, तेही परक्या माणसांपुढं. घरच्या माणसापुढं आज करते आहे.

खाली दारात विजयसिंह पावणं हाक मारतायत. आई त्यांना म्हणतेय, “बसा, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय.” तेवढ्यात हे संपवते.

सुट्टी मिळाली तर ये, नाहीतर येऊ नकोस. माझ्यावर रागव. पाहिजे तेवढा रागव, तुझा हक्क आहे, आणि नैरोबीला आलास तर मी समोर बसून सगळं ऐकून घेईन. पण त्याच्या आधी एक काम कर. ह्या कागदाच्या पाठीमागं आईचा नंबर लिहिलाय. तुझ्याकडं तो नाही हे मला ठाऊक आहे. फोन लाव. ती झाल्यागेल्यातलं काही काढणार नाही. “जेवलास काय रं?” एवढंच विचारेल.

जेवला नसलास तर नाही म्हणून सांग. आपल्या घरात एकदा तरी खरं उत्तर जाऊ दे.

खोटी साक्ष दिलेली,
तुझी
साक्षी