यादीतलं शेवटचं नाव

वागळे इस्टेट, ठाणे
१२ फेब्रुवारी १९९४

प्रिय शालू,

कल्याणहून तुझं पत्र आलं. तुझे कुंडलिकराव गेल्याला तीन महिने झाले. शेवटी त्यांचं नाव असलेला कारखान्यातला तो छापील कागद तू त्यांच्या फोटोमागे जपून ठेवलास, हे वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. कोण जाणार ते मशीनला आधीच कळलेलं असतं, असं तिथल्या बायकांनी तुला सांगितलं. ते पटलं तेव्हापासून तुला जरा झोप लागते, असं लिहितेस.

डोंबिवलीच्या त्या कारखान्यात आत कोणकोण आहे याची यादी गेटवर छापणारा प्रोग्रॅम माझा. पहिल्याच आठवड्यात, ऑगस्टात, यादीच्या शेवटी देवरामचं नाव आलं. देवराम जूनमध्येच वारलेला. मग मालनचं आलं. ती रजेवर घरी होती. ऐकून आठ दिवस तापाने फणफणली. भाऊ वॉचमनने कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. लोक आधी शेवटचं नाव बघायचे. मी त्यांची टिंगल करायचो, पण खोलीत एकटा असलो की छापायचं बटण दाबताना माझंही बोट अडायचं.

कारण सापडलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. नावं गोळा करायचा भाग मी पास्कल भाषेत लिहिलेला, छापायचं फंक्शन दुसऱ्या कुणी सी भाषेत. माझा प्रोग्रॅम त्या फंक्शनला बोलावून यादी त्याच्या हवाली करायचा. पास्कलमध्ये मजकूर किती लांब ते आधीच नोंदलेलं असतं. सी मात्र मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य दिसेपर्यंत वाचत जातं. ते शून्य मी शेवटी लावलंच नव्हतं. यादी संपली तरी फंक्शन पुढे वाचायचं, आणि शेजारी जुन्या हजेरीतलं जे नाव पडलेलं असेल तेही छापायचं. एका ओळीचं काम होतं, पण चूक कबूल करायला जीभ रेटेना. भाऊला सांगून ठेवलं, शेवटचं नाव धरू नका.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी मी गुपचूप शून्य लावून आलो. जादाचं नाव यायचं बंद झालं. भाऊला मात्र बोललो नाही. बोललो असतो तर आधी काय बिघडलं होतं ते त्याने विचारलं असतं.

दुपारी कारखान्यात विषारी वायू सुटला. सगळे बाहेर पळाले. भाऊने यादी छापली, माणसं मोजली आणि रोजच्यासारखी शेवटच्या नावावर काट मारली; हिशोब जुळला. कुंडलिकराव जेवून सगळ्यांच्या मागून आत गेलेले, म्हणून यादीत शेवटचं नाव त्यांचं होतं. दीड तास त्यांना शोधायला कुणी आत गेलं नाही. अर्ध्या तासात काढले असते तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचलो तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "साहेब, शेवटचं नाव मोजायचं नाही, असं तुम्हीच सांगितलेलं."

परवा इथे ठाण्यात चौकशी आहे आणि ठपका भाऊवर येतोय. मी उभा राहून सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला ते माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून हे पत्र. मशीनला पुढचं काही कळलेलं नव्हतं, शालू. कुंडलिकराव आत आहेत, एवढंच ते सांगत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते खरं सांगत होतं.

तुझाच,
उत्तम
(दादा लिहायचा धीर होत नाही.)