माझ्याच पोरीला नकार

आमगाव, मंगळवार संध्याकाळ

अठराच्या खालच्या कोणाला तंबाखू द्यायची नाही, हे दुकानातल्या नव्या वनिताताईला आठवडाभर मीच शिकवलं. आज माझी दहा वर्षांची पोरगी आजोबांची पुडी न्यायला आली. सवयीनं मी बरणी ओढली. वनिताताईनं झाकणावर हात ठेवला.

"भाऊ, तुमीच त सांगतलं."

"अवो, बाबासाठी पाह्यजे."

"मंग त्यायनंच यावं."

गिऱ्हाईकं पाहून राहिली होती. तिचा हात हलला नाही. पगार देणाऱ्याला नाही म्हणायला केवढी छाती लागते!

लहानपणी मीही बाबांची पुडी आणायचो. वाटेत चिमूटभर तोंडात टाकायचो. अजून सुटली नाही. तेव्हा कोणीच झाकणावर असा हात ठेवला नव्हता.