सरदार आलेच नाहीत

४ जुलै, शुक्रवार
रजा मंजूर! वलवणच्या रिसॉर्टवर जुलैत सुट्टी मागायची तर एकच कारण चालतं, आवणी. मॅनेजर नागपूरकडचा. त्याला सांगितलं, भाताची रोपं उपटून खाचरात लावायची असतात, घरच्या माणसाशिवाय होत नाही. तोंड वाकडं करून सही केली. गेम आजच रिलीज होतोय हा निव्वळ योगायोग.

थॉर्नवॉल टू! तीन वर्षं वाट पाहिली. पहिला भाग कितीदा संपवला ते सविताला सांगितलेलं नाही, लग्न टिकवायचं असतं. त्यात राजा मी. तटबंदी मी बांधलेली, आणि माझ्या एका शब्दावर जीव देणारे चार सरदार.

संकल्प: सकाळी खाचर, दुपारी गेम. बॅलन्स महत्त्वाचा.

५ जुलै
डाउनलोड रखडलंय. तिकोणा चढायला आलेल्या पब्लिकनं सगळी रेंज खाल्ली. हे लोक शेवाळावरून घसरतात, त्याचा रील टाकतात, आणि माझा राजा अर्ध्यात लटकतो. गडावर जॅमर बसवला पाहिजे.

आई म्हणाली, सोमवारी शेजारच्या केरबाच्या खाचरात सावड हाय, तिघांनी बी जायाचं. (आमच्याकडे आवणी अशीच होते. आज आपण त्यांच्यात राबायचं, उद्या ते आपल्यात. ज्या घरानं जितके हात दिले तितकेच त्याला परत. मजुरी नाही, लिहिणं नाही, पण विसरत कोणी नाही.) म्हटलं, येतो की. त्यात काय.

७ जुलै, सोमवार
गेम सुरू. पहिल्याच सीनला राजाला गुडघेदुखी! तीन वर्षं थांबलो ते हे बघायला? राजा म्हातारा, दरबार रिकामा, आणि लढाईऐवजी नुसते निरोप येतात. ब्रॅम सरदाराची कापणी अडलीय, माणसं पाठवा. स्ट्रॅटेजी गेम आहे का कृषी खातं? स्किप.

सावडीला गेलो नाही. पाठीत उसण भरली असं सांगितलं. अगदीच खोटं नाही, संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून भरलीच.

८ जुलै
काल संध्याकाळी आई आणि सविता चिखलानं माखून आल्या. सविता सांगत होती की केरबाभाऊनं चौकशी केली. आईनं सांगितलं, त्याची कंबर धरलीया. त्यावर भाऊ म्हणाला म्हणे, लावनाऱ्याची कंबर धरती ठावं हाय, ह्याची न लावताच कशी काय धरली? बांधावरचे सगळे हसले. सविताही हसली असावी, कारण सांगतानाही हसत होती.

माणसाच्या दुखण्यावर हसणारी ही आमची संस्कृती.

गेममध्ये ओल्डा नावाच्या सरदारणीचा पूल वाहून गेला. राजानं स्वतः यावं अशी अपेक्षा. स्वतः! स्किप.

९ जुलै
आज वरच्या आळीची सावड. जायचं नक्की ठरवलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला, बांधापर्यंत गेलोसुद्धा. तेवढ्यात मोबाइल वाजला, गेमचा अपडेट आलाय. चिखलात एकदा हात घातला की मोबाइल धरता येत नाही. परत आलो. पण निघालो होतो ही नोंद असावी.

गेममध्ये तिसऱ्या सरदाराच्या मुलीचं लग्न. आमंत्रण. स्किप. चौथ्याचा नुसताच निरोप, राजे, बरेच दिवसांत भेट नाही. याला काय स्टोरी म्हणतात? लेखक बहुधा हळदीकुंकवाला जाणारा असावा.

१० जुलै
कामशेतला खत आणायला गेलो. खताच्या दुकानात केरबाभाऊची मुलगी यशोधरा भेटली. इंजिनिअरिंगला आहे तळेगावला. तीही थॉर्नवॉल खेळते, संपवलासुद्धा. म्हणाली, दादा, शेवटच्या वेढ्याला मी रडले. म्हटलं, रडणारच, इतका भिकार गेम. तिनं माझ्याकडे विचित्र बघितलं. मग विचारलं, कंबर कशी आहे? मी खताचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होतो. गोणी लगेच खाली ठेवली.

आजकालच्या पोरांना गेममधलं काही कळत नाही.

११ जुलै
संताप. संताप. संताप.

वेढा पडला. शत्रू दारात. मी बुरुजावर चढून चारी दिशांना मशाली पेटवल्या. पहिल्या भागात मशाल पेटली की चार डोंगरांवरून चार फौजा यायच्या, अंगावर काटा यायचा. आज? एक माणूस नाही! राजा पावसात उभा राहून डोंगराकडे बघतोय, आणि वर पाटी, ‘कोणीही आले नाही.’ तट पडला. संपला गेम.

लगेच रिव्ह्यू टाकला. एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून. त्यातला मुख्य भाग इथे उतरवून ठेवतो, भाषा चांगली जमलीय:

‘इतक्या वर्षांची सोबत असलेली माणसं कारण नसताना पाठ फिरवतील? लेखकाला माणसं कळत नाहीत. त्यानं आमच्या मावळात यावं. परवा रविवारी माझ्या खाचरात अख्खी आळी उतरेल. याला म्हणतात नातं. याला म्हणतात स्टोरी.’

झोप छान लागेल.

१२ जुलै
रिव्ह्यूला लाइक भरपूर. एका शहाण्यानं खाली लिहिलं, भाऊ, नाचता येईना अंगण वाकडं. त्याला ब्लॉक केलं. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही निरोप स्किप केलेत का? त्यालाही ब्लॉक केलं. टीका सहन करण्याची ताकद या देशात राहिलेलीच नाही.

सविता दिवसभर उद्याच्या जेवणाच्या तयारीत. तांदूळ निवडायला बस म्हणाली. म्हटलं, लोकांना उत्तरं देतोय.

१३ जुलै, रविवार
सावड आमच्याकडे. सकाळी सगळे आले. आले म्हणजे आलेच! मी बांधावर छत्री धरून व्हिडिओ काढला. रिव्ह्यूखाली टाकणार होतो. कंबरेमुळे उतरता येत नव्हतं, पण देखरेख करत होतो. केरबाभाऊला दोनदा सांगितलं की रांग वाकडी जातेय. भाऊनं पुढची जुडी सोडली.

जेवणाच्या वेळेला सगळ्यांनी हात धुतले. वाटलं, जेवून पुन्हा लागतील. जेवले, सविताच्या आमटीचं कौतुक केलं, आणि निघाले. रस्त्याकडेची पट्टी तशीच मोकळी! धो धो पाऊस, चिखल करून ठेवलेला, रोपांच्या जुड्या टाकलेल्या, आणि माणूस नाही.

मी धावत गेलो. (कंबर तेव्हा विसरलो.) केरबाभाऊ शांतपणे म्हणाला, तुझ्या आयचं झालं, सविताचं झालं. ती पट्टी तुझ्या वाटची. तुझा हात कुनाच्यात लागला न्हाई, तर तुझ्यात कुनाचा लागंल?

म्हटलं, भाऊ, आजारी माणसाला असं वागवता? भाऊ म्हणाला, आजारी आसतास तर आमीच लावली आसती, न सांगता. कामशेताला पोतं उचलल्यालं पोरीनं बगितलंय.

यशोधरा मागे पाय धूत होती. तिला बाजूला घेऊन विचारलं की तुझ्या वेढ्याला काय झालं होतं. ती म्हणाली, चौघंही आले, दादा. ओल्डा तर म्हातारपणी काठी टेकत आली. मी सगळ्यांच्या निरोपांना गेले होते ना. तुम्ही स्किप केले?

मी म्हटलं, नेट स्लो होतं.

१४ जुलै
निर्णय:
केरबाभाऊशी बोलणं बंद. पट्टी उद्या मी एकटा लावणार. एका दिवसाचं काम, त्यात काय.

मॅनेजरला फोन करून रजा वाढवून घेतली. आवणी अजून बाकी आहे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी शंभर टक्के खरं बोललो, तरी त्याचा विश्वास बसला नाही. खरेपणाला किंमत नाही.

गेम पुन्हा पहिल्यापासून लावला. केवळ अभ्यासासाठी.

१५ जुलै
पट्टी रस्त्याला लागून आहे हेच वाईट. येणारा-जाणारा विचारतो. गडावर निघालेल्या एका बाईनं मोकळ्या पट्टीत गाडी लावू का विचारलं. मी घरातूनच ओरडलो.

आई म्हणाली, रोपं जून व्हाया लागली, मंग लावून उपेग न्हाई. म्हटलं, येतोच. पण मध्ये ब्रॅमची कापणी निघाली, ती सोडता येईना. यावेळी माणसं तर पाठवलीच, राजाही स्वतः गेला. ब्रॅमचे डोळे भरून आले. ग्राफिक्स चांगले आहेत, मान्य करावं लागेल. मग ओल्डाचा पूल. राजा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, गुडघेदुखी असताना! माणूस मोठा असा होतो.

सविता दारात दोनदा येऊन उभी राहिली. मग आपणहून परत गेली. समजूतदार आहे.

१६ जुलै
सकाळी लग्न उरकलं. आहेर भरपूर केला. चौथ्याकडे नुसता भेटायला गेलो, विस्तवाजवळ बसलो, जुन्या गोष्टी निघाल्या. बरं वाटलं. माणसानं जात राहिलं पाहिजे.

दुपारी वेढा.  मशाली पेटवल्या. आधी काहीच नाही. मग उत्तरेच्या डोंगरावर एक ठिणगी, मग पूर्वेला, मग चारी बाजूंनी. सगळे आले! ओल्डा काठी टेकत सगळ्यांत पुढे. मी ढसाढसा रडलो. लपवत नाही.

रिव्ह्यू बदलला. पाच स्टार. ‘लेखकाला माणसं कळतात. संकटात कोण येतं हे ज्यानं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. प्रत्येकानं, विशेषतः आमच्या गावातल्या काही जणांनी, हा गेम खेळावा.’

हा शेवट सविताला दाखवायलाच हवा होता. हाक मारली. आईला मारली. घरात कोणी नाही.

खिडकीतून पाहिलं. पावसात दोघी माझ्या पट्टीत वाकलेल्या. रस्त्याच्या बाजूनं आई, आतून सविता. अर्ध्याच्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्यामागे केरबाभाऊ जुड्या टाकत होता, यशोधरा चौथी. माझ्या घराकडे कोणीच बघत नव्हतं.

येतो म्हणून खिडकीतून ओरडलो. पावसात ऐकू गेलं नसावं. आधी दोन घास खाऊन निघावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

भांडी घासून पालथी घातली होती.