पलीकडच्या काकांची माती

५ जुलै
पूर ओसरला. शेतात गुडघाभर गाळ! काळाभोर, लोण्यासारखा. इतकी वर्षं नुसती वाळू — गवत उगवायचीही मारामार. सासूबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. "यात काठी खोचली तरी पालवी फुटेल!"

६ जुलै
नदीपलीकडचे काका होडीने आले. त्यांचं शेत जरा वरच्या अंगाला. गाळ हातात घेतला, हुंगला. म्हणाले, "ही माझी आहे." माती! त्यांचं शेत पुराने पार खरवडून नेलंय, खाली खडक उरलाय. "घेऊन जातो, सूनबाई." जणू वाळत घातलेला सदरा उडून आमच्या अंगणात पडला!

७ जुलै
म्हटलं, ओळख पटवा. तर म्हणे, "आई लेकराला ओळखत नाही का?" यावर आमच्या भिडस्त नवऱ्याने काय करावं? फावडं आणून दिलं! वर घमेली उचलून द्यायला हजर. मी घरात जाऊन भांडी आपटली.

११ जुलै
काका रोज येतात. माती नेतात, चहा पितात. चहात साखर कमी म्हणतात.

१४ जुलै
मोजणीदाराला बोलावलं. तो म्हणाला, "नदीने आणून टाकलं ते ज्याच्या जमिनीवर पडलं त्याचं." काका म्हणाले, "मग नदीलाच विचारा!" मोजणीदाराने खरंच वळून नदीकडे पाहिलं. निघताना काकांनी त्याला बूट काढायला लावले आणि तळांचा गाळ खरवडून घेतला. कागदात बांधून नेला!

१९ जुलै
काका आले नाहीत. बरं झालं.

२१ जुलै
आजही नाहीत. हे बघायला गेले. नेलेली सगळी माती पावसाच्या एका सरीत खडकावरून वाहून गेलीय. काका तिथेच बसलेले. "थांबतच नाही हो ती माझ्याकडे." यांना जेवण गेलं नाही. मलाही नाही. मेली माती!

२२ जुलै
मीच निरोप धाडला — माती राहू द्या, तुम्हीच या. अर्धं शेत तुम्ही पेरा. काका भोपळ्याचं बी घेऊन हजर. आल्याआल्या यांच्यावर ओरडले, "ओल्या गाळात नांगर घालता? विटा पाडायच्यात का? वाफसा येऊ द्या!" सासूबाई पुटपुटल्या, "आली आई लेकराच्या मदतीला."

२० ऑक्टोबर
भोपळे! एकेक असा की मिठीत मावत नाही. काका म्हणतात, वेल तुमचे, गोडी माझी. भांडलो. मग हसलो. मग पुन्हा भांडलो.

२८ ऑक्टोबर
वर डोंगरात पाऊस कोसळला असणार. सकाळी दार उघडते तर समोर नदी! जुनी वाट सोडून घर आणि शेत यांच्या मधून वाहतेय. शेत भोपळ्यांसकट पलीकडे, काकांच्या काठाला. काका तिथे उभे, दोन्ही हात हलवत होते. पाण्याच्या आवाजात काही कळेना. शेवटी ऐकू आलं —
"सूनबाई, तुमचं शेत आलंय माझ्याकडे! घाबरू नका — राखतो मी!"