गुरुवारची सही

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार
घटना क्रमाने. एक : माझे वडील, दादा, ८ जानेवारीला गेले. दोन : तेराव्याला त्यांच्या उपासना मंडळाचे चिटणीस वामनराव आले, पाणीसुद्धा न घेता तासभर बसून गेले. तीन : आज त्यांनी दादांचे मृत्युपत्र दाखवले. गंगापूर रोडचे हे घर मंडळाला. मला, एकुलत्या मुलीला, 'राहती खोली, सहा महिने'. चार : कागद हातात दिला नाही. दुरूनच दोनदा वाचला. मला तेवढे पुरते.
सही दादांचीच वाटली. खोटे कशाला लिहू?

७ फेब्रु., बुध.
नऊ वर्षे दादा मंडळात होते. तिथले बाहेर सांगायचे नाही, हा नियम. त्यांनी मलाही सांगितले नाही. दिसले ते एवढेच : गुरुवारी उगवतीपासून मावळतीपर्यंत मौन, आणि लेखणीला स्पर्श नाही. मामा गेल्याची तार गुरुवारीच आली. तारवाला पावती पुढे करून उभा. दादांनी हात पाठीमागे घेतले. सही मी केली.
आज जुने कॅलेंडर काढले. मृत्युपत्राची तारीख १२ ऑक्टोबर १९७८, दुपारी दोन. गुरुवार! खाली साक्षीदार लिहितात, 'तोंडाने मान्य केले'.
सिंधूबाईंना (स्वयंपाकाला अकरा वर्षे) विचारले. "गुरुवारी व्हय? मीठ जास्ती झालं तरी दादा बोलायचे नाय. नुसते डोळे वटारायचे, लय!"

९ फेब्रु., शुक्र.
वामनराव आले. मी मृत्युपत्राचा वार विचारला. त्यांनी प्रथमच पाणी मागितले.
"ताई, तुम्ही फार शिकलात, म्हणून शंका येतात."
"मग मंडळाने लेखी खुलासा करावा."
"आमच्यात लेखी देत नाहीत. शब्द पुरतो."
"घर घेताना पुरला नाही."
स्वयंपाकघरातून सिंधूबाई मोठ्याने हसल्या. मी रागावले नाही.

११ फेब्रु., रवि.
शक्यता तीन. बनावट सही : गुरुवारी सहापर्यंत मी कॉलेजात, म्हणून मंडळाने तो दिवस निवडला आणि स्वतःचेच मौन विसरले. किंवा दादांनी व्रत मोडले. मामांसाठी मोडले नाही ते मला बेघर करण्यासाठी. किंवा सही करणे भाग पडले, तेव्हा मुद्दाम गुरुवार निवडला, मी वार तपासल्याशिवाय राहणार नाही हे ओळखून. तिसरी मला हवीशी वाटते. म्हणून तिच्यावर सर्वांत कमी विश्वास.
दुसरी मात्र रात्रंदिवस...

१२ फेब्रु., सोम.
रजिस्टर पत्र पाठवले. नक्कल :
'१२ ऑक्टोबर १९७८ रोजी दुपारी दोन वाजता माझ्या वडिलांनी लेखणी धरली काय? धरली असल्यास व्रत कोणाच्या आज्ञेने मोडले? धरली नसल्यास सही कोणाची? तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही. उत्तर पंधरा दिवसांत, लेखी, चिटणीसांच्या स्वाक्षरीने हवे. गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी लिहावे.'