दुसऱ्या ओळीला पडणारी चेन

वडगाव रासाई,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप म्हस्कूदाजी यांच्या पायांशी (डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला धक्का न लावता) सावळारामचा नमस्कार.

आमच्याकडं सगळी खुशाली आहे. तुमचा गुडघा आता जिना चढतो का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? आणि कुशाताईची साखर उतरली का? गुळाचा चहा साखरेत धरत नाहीत असं तिनं डॉक्टरांना समजावल्याचं कानावर आलं. फोनच केला असता, पण ताई फोन स्पीकरवर ठेवते आणि आपलं बोलणं शेजारच्या गिताबाईंच्या चुलीपर्यंत जातं. शिवाय कागदावर माणसाला कंस घालता येतात. हे पत्र पाटसला उसाची ट्रॉली घेऊन येणाऱ्या सम्राटच्या हाती देतो आहे.

तर विषय सायकलीचा. आमच्या चिरंजीवांना, विक्रमला, ट्रॅक्टरची शेड वाढवायची आहे, म्हणून त्यानं छपराखालची सगळी अडगळ अंगणात काढली. शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार. त्या अडगळीत तुटक्या ठिबकच्या नळ्यांखाली माझी सायकल निघाली. पंधरा वर्षं ती आढ्याला टांगलेली होती. सीट उंदरांनी खाल्ली आहे, पुढच्या टायरात कोंबडीनं अंडी घातली होती (दोन, आणि दोन्ही नासलेली), आणि हँडलपासून कॅरेजपर्यंत गंज. विक्रमला तो गंज दिसतो. मला त्यात भीमेवरची संध्याकाळ दिसते. हे मी बोलून दाखवल्यावर सूनबाई अपेक्षानं माझ्या चष्म्याचा नंबर तपासायची तारीख घेतली. तिचं मत वेगळंच आहे. शिक्रापूरच्या एका हॉटेलाबाहेर गुलाबी रंगाची सायकल उभी करून तिच्यावर कुंड्या ठेवल्यात, तशी आपणही ठेवू म्हणते. विक्रमनं मात्र एकच विचारलं, ‘आबा, चालवायची हाय, का नुसती बघायची?’

दाजी, या सायकलीवर मी आख्ख्या कविता म्हटल्या आहेत. गुरुजी आम्हाला कविता बाकावर हात आपटून शिकवायचे, आणि मला ती सवय पॅडलवर लागली. एका पायाला अर्धी ओळ, दुसऱ्याला अर्धी. आठवीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती, ती मी कालव्याच्या कडेनं म्हणत निघालो की थेट शेवटच्या ओळीला न्हावऱ्याचं वळण यायचं. लोक शेताला पाणी धरायला जायचे, मी यमक धरायला जायचो.

सायकलीवरून आठवलं, तुमच्या लग्नातला रुसवा. पंगतीत जावयानं रुसायचं, सासऱ्यानं काहीतरी कबूल करायचं आणि मगच घास उचलायचा. पण तुम्हाला रुसता कुठं येत होतं? सकाळपासून उपाशी होतात, बुंदीकडं पाहत होतात, आणि तुमच्या मामांनी तुमचा उजवा हात पत्रावळीखाली दाबून धरला होता. आमच्या आप्पांनी ‘सायकल देतो’ म्हटल्यावर मामांनी हात सोडला, तेव्हा तुम्ही घेतलेला घास मंडपातल्या बायका वर्षभर सांगत होत्या. पुढं त्या सायकलीनं तुम्हाला सुख दिलं नाही, हेही खरं. कारखान्यावर पाळीला जाताना चेन पडायची, बाजाराला जाताना पडायची. आमच्याकडं आलात की तुम्ही कंपनीला शिव्या घालायचात आणि मी मान खाली घालून ऐकायचो. निघताना तुमच्या पिशवीत काकड्या भरायचो. तेवढंच माझ्या हातात होतं.

असो. काल सायकल दुधाच्या टेम्पोत घालून शिरूरला नेली. मागचं चाक फिरत नव्हतं, म्हणून चढवताना दोघांनी धरली, आणि त्यातल्या एकानं सहानुभूतीनं विचारलं, ‘आबा, मोडीत का?’ मी म्हटलं, दवाखान्यात. बाळासो मिस्त्रीचं दुकान आता मोटारसायकलींचं आहे, पण त्याचे हात जुने आहेत. त्यानं स्पोकचा एक तुकडा घेऊन सगळीकडं टिचकी मारून पाहिलं, आवाज ऐकला आणि निकाल दिला. दोन्ही रिमा गेल्या, चेन गेली, बेअरिंग गेलं, मडगार्ड हात लावलं तर हातात येतील. ‘फ्रेमला मातूर कायबी झालं न्हाई,’ म्हणाला. ‘माणसागत हाय बगा. हाडं शाबूत, बाकी समदं नवं घालावं लागंल.’ माझ्याकडं पाहूनच म्हणाला.

मग गंज आतवर गेलाय का पाहायला त्यानं चेनकव्हरवर रॉकेलचा बोळा फिरवला आणि वर पॉलिश पेपर घासायला लागला. चार बोटं जागा साफ झाली आणि मी त्याचा हात धरला. राहू दे म्हटलं, गंज मला प्रिय आहे. इतक्या वर्षांत गंजावर प्रेम करणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. त्यानं बोळा खाली ठेवला, मला पाणी दिलं आणि घरी कुणाला फोन करायचाय का विचारलं.

सायकल परत आणली आहे. माझ्या खाटेशी उभी आहे, चेनकव्हरवर टॉवेल टाकून. शनिवारी टेम्पो येणार. दुरुस्त करावी की मोडीत द्यावी, हे तुम्ही सांगाल तसं करीन. घरातले म्हणतात, तुमच्या सायकलीचं दाजींना कशाला विचारता? मी टॉवेल सारखा करतो.

ताईला नमस्कार आणि लेकरांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून आराम.

तुमचा मेहुणा,
सावळाराम

ता. क. – पत्र तुम्ही नात सायलीकडून वाचून घेणार हे माहीत आहे. इथं आल्यावर तिला पाणी आणायला पाठवा आणि पुढचं चष्मा लावून स्वतः वाचा. पॉलिश पेपरखाली अक्षरं निघाली. ‘चि. म्हस्कू यांस’ एवढी. पुढं ‘सप्रेम भेट’ असणार, कारण पेंटरकडून ती मीच लिहून घेतली होती. दाजी, ही सायकल तुमची आहे. आप्पांनी दौंडहून नवी, हिरवी आणली आणि तुम्हाला पोचवायला माझ्या हाती दिली. माझी स्वतःची सायकल जुनी होती. तिची चेन कवितेच्या दुसऱ्या ओळीला हमखास पडायची, त्यामुळं तिसरी ओळ मी जन्मात चालत्या सायकलीवर म्हटली नव्हती. तुमच्या सायकलीवर नदीची कविता एका दमात संपली. मी तिथंच उतरलो आणि थोडा रडलो. मग तुमची काळी रंगवली, माझी हिरवी रंगवून पाटसला दिली. आप्पांना बैलांतलं कळायचं, सायकलीतलं नाही. कंपनीचा काही दोष नव्हता.

ता. क. २ – ट्रॉलीचं टायर फुटल्यानं सम्राट काल निघालाच नाही. म्हणून हे बुधवारी सकाळी लिहितो आहे. आत्ता ताईचा फोन येऊन गेला. शिरूरची बातमी तिला कुणी दिली कोण जाणे (गिताबाईंचं माहेर तिकडचं, एवढंच मला माहीत आहे). मी धीर करून विचारलं, दाजींना काही बोललीस का? तर म्हणाली, ‘अरं सावळा, त्यांना पहिल्याच साली ठाव झालं. हिरवा रंग निघाला आन् मडगार्डवर खिळ्यानं कोरलेली कविता दिसली. आपल्या घरात असला उद्योग आणखी कोण करणार?’ मग इतकी वर्षं कंपनीला शिव्या कशाला? ताई म्हणाली, काकड्या चांगल्या असायच्या.

ता. क. ३ – तुमची सायकल बाळासोकडं पाठवली. नव्यासारखी करून, नाव पुन्हा रंगवून मी स्वतः पाटसला आणतो. ताई म्हणाली की माझी तुम्ही विकली नाहीत. ‘सावळारामची हाय, कवातरी मागंल,’ म्हणून गोठ्यात टांगून ठेवलीत. तर दाजी, आता मागतो. तिला रंग देऊ नका, तेल घालू नका, चेनला हात लावू नका. हल्ली मला कुठल्याही कवितेच्या पहिल्या दोनच ओळी आठवतात.