चव न घेता केलेली आमटी

आई, मला वास येईनासा झालाय. कोविड होऊन गेला, ताप गेला, खोकला गेला, पण नाक काही ताळ्यावर आलं नाही. दुसऱ्या कुणाचं निभावलं असतं, माझी तर रोजीरोटीच नाकावर चालते. सिडनीतल्या एका रेस्टॉरंटात कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन द्यायची ते मी ठरवते. हे ऐकून तू आधी हसली असतीस आणि मग यात पाप तर नाही ना, ते हळूच चर्चमधल्या फादरना विचारून आली असतीस.

लॉकडाउनमुळे टेबलं बंद आहेत, नुसती पार्सलं चालतात. मालकिणीने ठरवलं की जेवणाच्या खोक्यात फ्रेंच वाइनची एक बाटली घालायची. बोर्दो भागातली पांढरी वाइन, सेमिलॉन आणि सोव्हिन्यों ब्लां अशी दोन द्राक्षं मिळून केलेली. तिच्याबरोबर काय शोभेल ते मी सांगायचं. "मला कसलाच वास येत नाहीये," मी फोनवर खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "नो वरीज. ट्राय तर कर. नाहीच जमलं, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." बाई वाईट नाही, तिचंही दुकान बुडायला आलं होतं.

सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी ग्लास घेऊन बसले. एरवी या वाइनला लिंबाच्या सालीचा, ओल्या गवताचा, थोडा मधाचा वास येतो. आता नाकाशी नेली तर गार काच, बस. मी रडले, आई. आणि मग तू आठवलीस, वसईच्या घरात, गुड फ्रायडेच्या सकाळी. तुझा कडक उपास. आमच्यासाठी नारळाच्या दुधातली मासळीची आमटी शिजते आहे, हळद, हिरवी मिरची, कैरी घालून, आणि तू एक थेंबही जिभेला लावत नाहीस. मी आगाऊपणे बोट बुडवायला जाते तर हातावर चापट. "जिभेचे फार लाड नकोत. देवाने बाकीचं काय शोभेला दिलंय?" कैरीची फोड बोटांत दाबून तू आंबटपणा ओळखायचीस, रस्सा डावाच्या पाठीवर किती जाड बसतो ते बघायचीस, उकळीचा आवाज बदलला की जाळ मागे ओढायचीस. मीठ कधी चुकलं नाही. तेव्हा मला ती जादू वाटायची. आज कळतं की एरवी वर्षभर तू किती लक्ष देऊन शिजवत होतीस.

मग मीही वाइन तशीच घेतली. घोट घेतल्याबरोबर दाढांखाली पाणी सुटलं, ती सोव्हिन्योंची धार. गिळल्यावर जिभेवर साय राहिल्यासारखं वाटलं, ते सेमिलॉनचं अंग. आंबट आणि दाट, दोन्ही एकत्र. म्हणजे तुझी आमटीच की! पुस्तकं या बाटलीबरोबर कालवं आणि बकरीच्या दुधाचं चीज सांगतात, तेही चूक नाही. पण मी इथल्या बारामुंडी माशाचे तुकडे नारळाच्या दुधात शिजवले. कैरी मिळेना म्हणून लिंबू पिळलं, मिरची बेताची घातली, कारण तिखट वाढलं की ही वाइन झोंबते. चव मीही घेतली नाही, वासाशिवाय ती अर्धीच कळली असती.

मालकिणीने ते घरी नेऊन खाल्लं आणि लगेच फोन केला. "हू टॉट यू दॅट?"

"माय मम," मी म्हटलं, आणि छाती फुगली माझी. नोकरी राहिली, आई. लोक ते खोकं पुन्हा पुन्हा मागवतात.

तू गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ताच उरला नाही, म्हणून सांगून टाकते. ती आमटी मी घरीही सारखी करते. नवऱ्याला वाटतं, कामाची तालीम. खरं तर मी वास येतोय का ते बघत असते. वाइनचा नाही आला तरी चालेल, मला तुझ्या स्वयंपाकाचा हवाय, आणि तो आता आठवायला गेलं तरी येत नाही. आज लेक तिच्या खोलीतून ओरडली, "मम्मा, स्मेल्स सो गुड!" मी तिला पातेल्यापाशी उभं केलं. "कसा येतोय? नीट सांग." तिने डोळे मिटून अर्ध्या इंग्रजीत खूप सांगितलं. मला तरी तो आठवला नाही.